ठोक्यांची गोळी आणि रक्त पातळ करणारी गोळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मला एट्रियल फिब्रिलेशन आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी वाटेल तशी पळते. त्यासाठी दोन औषधं चालू आहेत. ठोक्यांचा वेग आवरायला मेटोप्रोलॉलची सावकाश विरघळणारी गोळी रोज सकाळी, आणि गुठळी होऊ नये म्हणून एपिक्साबान ५ मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ. कुणी कुठलं औषध घ्यावं हे ईसीजी, इको आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. ही औषधं रोज घेताना काय जाणवतं आणि कुठे जपावं लागतं, तेवढं लिहितो.

मेटोप्रोलॉल आपलं काम दाखवून देतं. आठवडाभरात छातीतली धडधड उतरली, जिना चढताना थांबावं लागेना. त्याची किंमतही लगेच मोजावी लागली: हातपाय गार, दुपारी अंग जड, पलंगावरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आधी दोन मिनिटं काठावर बसून मग उठायचं, ही सवय लावून घेतली. थकवा दीड-दोन महिन्यांत बराच ओसरला, पूर्ण गेला म्हणणार नाही.

एपिक्साबानचं मात्र काहीच कळत नाही. घेतली तरी तसंच, नाही घेतली तरी तसंच. आणि माझ्या मते या उपचारातला सगळा धोका इथेच आहे. वरचा कप्पा थरथरतो तेव्हा त्याच्या डाव्या बाजूच्या पिशवीसारख्या भागात रक्त साकळतं, तिथली गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. या आजारात ती शक्यता साधारण पाचपट होते. मेटोप्रोलॉल ठोके कमी करतं, पण गुठळी थांबवणं त्याच्या हातात नाही. म्हणजे ‘आता बरं वाटतंय’ हे एका गोळीचं प्रमाणपत्र, आणि त्याच्या जोरावर आपण बंद करायला निघतो दुसरी!

हे कल्पनेतलं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अफर्म’ या अभ्यासात चार हजारांहून जास्त रुग्ण होते. काहींचा फक्त वेग आटोक्यात ठेवला, काहींची लय पूर्ववत करायचा प्रयत्न केला. दोन्ही गटांत ज्यांना पक्षाघात झाला, त्यांतल्या बहुतेकांचं वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं जुनं औषध) बंद झालेलं होतं किंवा त्याचा परिणाम हवा त्यापेक्षा कमी पडत होता. लय सुधारलेल्यांनाही सूट मिळाली नाही. हे वाचल्यावर संध्याकाळच्या गोळीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

संध्याकाळचीच म्हणतोय, कारण सुटते ती तीच. सकाळचा डोस चहा-दात घासण्याच्या ओघात होतो, संध्याकाळ कुणाच्या ताब्यात नसते. एपिक्साबानचा अंमल लवकर उतरतो, साधारण बारा तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. म्हणून दोन खणांची आठवड्याची डबी घेतली. मोबाइलचा गजर वाजतो आणि आपण तो बंद करतो, पुढचं काही सांगता येत नाही. डबीचा खण रिकामा दिसला की वाद संपला. डोस राहिलाच, तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्यायचा आणि पुढचा ठरल्या वेळी. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पट्टी संपत आली की आठवडाभर आधीच नवी आणून ठेवतो. प्रवासात ती हातातल्या पिशवीत असते, मोठ्या बॅगेत टाकत नाही.

डबीबद्दल एक सावधगिरी. डॅबिगाट्रान (हेही रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांनी कॅप्सूल मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवू नयेत, दमटपणाने त्या बिघडतात. त्या उघडून किंवा चावूनही घ्यायच्या नाहीत. त्याच जातीच्या रिवारोक्साबानचा १५ किंवा २० मि.ग्रॅ.चा डोस जेवणाबरोबरच, नाहीतर पुरेसं शोषलं जात नाही. एपिक्साबानला जेवणाची अट नाही. आणि माझी मेटोप्रोलॉल मधल्या रेघेवर अर्धी करता येते, पण कुटायची किंवा चावायची नाही. कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

सुरुवातीचे काही आठवडे मी वॉरफेरिनवर होतो. औषध जुनं, १९५४ पासून माणसांसाठी वापरात, आणि काम चोख करतं. पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ च्या मध्ये राखायला पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागतं आणि हिरव्या पालेभाज्या एकदम वाढवल्या किंवा सोडल्या तरी आकडा हलतो. त्या बंद करायच्या नसतात, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. औषध बदललं तेव्हा वॉरफेरिन थांबवून आयएनआर २ च्या खाली येईपर्यंत थांबलो, मग एपिक्साबान सुरू. धातूची झडप बसवलेल्यांना किंवा मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना मात्र वॉरफेरिनच लागतं. तिथे ‘नवी गोळी चांगली’ हा शेजारचा सल्ला ऐकू नये.

रक्तस्राव? दाढी करताना जरा कापलं की कापूस दाबून पाच-सात मिनिटं उभं राहावं लागतं, पूर्वी एका मिनिटात भागायचं. दंडावर कुठून आले ते न कळणारे निळे डाग. ब्रशला कधीतरी लाल. याची सवय होते. शौच काळं होणं, लघवी लाल होणं, डोक्याला मार लागणं (वरून काही दिसत नसलं तरी) याची सवय करून घ्यायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं होणं, हातातला जोर जाणं, बोबडी वळणं यालाही तोच नियम, तिथे मिनिटं मोजली जातात.

खरी कसरत होते ती इतर औषधांशी. पाठ धरली तेव्हा घरच्यांनी प्रेमाने आयबुप्रोफेन पुढे केलं. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन ही सगळी मंडळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव घडवू शकतात. मला डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं आहे. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन धडधड वाढवतं, म्हणून तीही पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून परत ठेवतो. बुरशीवरचं किटोकोनॅझोल एपिक्साबानचं प्रमाण वाढवतं, क्षयाचं रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधं ते पाडतात. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटल्यांनाही हेच लागू. पाकिटात औषधांची नावं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे, दुकानात तोंडी सांगण्यापेक्षा ती पुढे करतो.

दाताच्या वेळी याचा फायदा झाला. दाढ काढायची होती आणि तिथल्या माणसाने सहज सांगितलं, ‘तीन-चार दिवस आधी बंद करा.’ हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, एवढ्यासाठी इतके दिवस नको, फक्त सकाळचा डोस दाढ काढून झाल्यावर घ्या. मोठ्या शस्त्रक्रियेआधी थांबवावी लागते, पण किती तास आधी आणि पुन्हा कधी सुरू, हे लिहून घ्यावं. मेटोप्रोलॉलही परस्पर बंद करायचं नाही, एकदम सोडल्यास ठोके आणि रक्तदाब उसळतात. मधुमेह असेल तर आणखी एक: साखर उतरल्यावर जी धडधड जाणवते ती या गोळीने झाकली जाते, घाम तेवढा येतो.

घरी नाडी मी बोटांनीच मोजतो, पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा हिशेब अनियमित ठोक्यांत जमत नाही. रक्तदाबाचं यंत्रही गोंधळतं, म्हणून लागोपाठ तीन वेळा घेऊन सरासरी वहीत टाकतो.

डोस कायमचा ठरलेला नसतो. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.५ किंवा जास्त, या तिनांपैकी दोन लागू झाले की एपिक्साबान सहसा २.५ मि.ग्रॅ.वर येतं. एकच लागू असताना ‘रक्त जास्त पातळ नको’ म्हणून कमी घेतल्यास संरक्षण कमी होतं. म्हणून क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनची तपासणी ठरल्या वेळी करतो, वजनही लिहितो.

सध्या ॲब्लेशनचा, म्हणजे नळी घालून हृदयातला लय बिघडवणारा भाग निकामी करण्याचा, विचार चालू आहे. मी पहिला प्रश्न विचारला तो गोळ्या सुटतील का. उत्तर मिळालं: मेटोप्रोलॉल कदाचित. एपिक्साबान त्यानंतर किमान दोन-तीन महिने चालूच, आणि पुढचं ईसीजी किती सरळ आला यावर ठरणार नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी पक्षाघात झाला होता का, यांवर ठरेल.