बिडाचे बूट आणि मिलचा भोंगा

रविवारी आईला घेऊन चित्रं-शिल्पांच्या एका प्रदर्शनाला गेलो. कोल्हापुरातल्या शाहू मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामात, तिची वीस वर्षं गेली. कुणा पोरानं मिलवर काहीतरी केलंय म्हटल्यावर तीच मागं लागली.

मिलची खोली मोठी. चिमणीची कोळशानं काढलेली चित्रं, भिंतीवर दोनच आकडे: १९०६ आणि २००३. शाहू महाराजांनी पाया घातला ते साल आणि कुलूप पडलं ते. मधोमध स्पीकरवर भोंगा. आईनं कान देऊन ऐकला. "ह्यो आमचा न्हवं. आमचा असा किंचाळायचा न्हाई, पोटातनं यायचा." मग म्हणाली, "आन् बायका कुठायत?" खरंच, चिमणी, ओस शेड, गंजकं फाटक, पण माणूस एक नाही. चिमणी काय, रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसते.

दुसरी खोली मात्र नादखुळा! पेठेतल्या फुटबॉलवाल्यांचे जुने बूट, अकरा जोड, वाळूत साचा मारून बिडात ओतलेले. कुठला पाटाकडील तालमीच्या संघाचा, कुठला खंडोबा तालमीच्या, हे लिहिलेलं नाही. शहाणपणा केला, नाहीतर तिथंच राडा. मी उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, त्यामुळं जरा वाकूनच बघितलं. लेसची गाठसुद्धा उठलीय. बुटात आधी प्लॅस्टर भरलं असणार, नाहीतर वाळू ठोकताना दबतो. एक उचलला, आठ-दहा किलो सहज. एकाच्या टाचेत ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक. आमच्याकडं असला माल सरळ भट्टीत परत जातो; यानं तो मांडलाय, वर रायझरचा ठोंबही, म्हणजे साच्यावर जादा ओतलेल्या बिडाचा उरलेला खुंट, चवड्यावर तसाच ठेवलाय. असले ठोंब तोडून माल घासणाऱ्या आमच्या फेटलिंगवाल्याला झीट येईल. पण त्या ठोंबामुळंच तो बूट कुणीतरी ओतलाय हे कळतं. पोरगं फौंड्रीत दिवसच्या दिवस उभं राहिलेलं आहे, हे ऐकीव काम नव्हं.

पाट्या सगळ्या इंग्रजीत, त्याही मुंगीएवढ्या. आईला मीच वाचून दाखवल्या, निम्म्या मलाही कळल्या नाहीत. तिकीट नाही. बुटाच्या एका जोडाला चौदा हजार; आई म्हणाली, घालता तरी येतंय काय?

निघताना तिनं त्या पोराला गाठलंच. खात्यातल्या बायकांचा दिवाळीतला फोटो घरी आहे, येऊन बघ म्हणाली. मंगळवारी येतोय तो. पेटी माळ्यावरनं आजच खाली आलीय.