पॅट्सी क्लाइन, बारा गाणी आणि आमची पेटी

अमेरिकेतली ‘कंट्री’, म्हणजे गावाकडच्या बाजाच्या गाण्यांची गायिका पॅट्सी क्लाइन ठेक्याच्या जरा मागे राहून गाते. वादक आपली चाल सोडत नाहीत, ही मात्र शब्द उशिरा उचलते आणि ओळ संपता संपता बरोबर मात्रेवर येऊन बसते. मी कणकवलीत भजनाला पेटीची साथ करतो. लय अशी खेळवणारे बुवा डबलबारीतसुद्धा, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातसुद्धा, मोजकेच भेटतात. म्हणून तिचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा अल्बम आमच्या मंडळातल्या पोरांना मी आवर्जून ऐकवतो. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी चालेल, लय ऐका.

ती १९६३ च्या मार्चमध्ये टेनेसीत विमान अपघातात गेली, अवघ्या ३० व्या वर्षी. डेका या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम काढला १९६७ साली.

यातलं ‘क्रेझी’ कंट्री गायक-गीतकार विली नेल्सनने लिहिलंय. १९६१ मध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या बरगड्यांना मार बसला होता, वरचे सूर लावताना दुखायचं. मग वाद्यांचं रेकॉर्डिंग आधी झालं आणि तिचा आवाज नंतर भरला. हे माहीत असताना ऐकलं की जीव कळवळतो, कारण आवाजात कुठेही ताण नाही. पहिल्याच शब्दात ती वरून थेट खाली उतरते. मधली ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पेटीत येत नाही, पट्टीगणिक सूर सुटा पडतो. पण त्याच गाण्यात फ्लॉइड क्रेमरचा पियानो आहे. शेजारच्या सुराला नुसता स्पर्श करून तो मूळ सुरावर घसरतो. ते पेटीवर झकास जमतं, आणि बुवांच्या आलापामागे मी ते हमखास वापरतो.

तिच्या रेकॉर्डिंगचा निर्माता ओवेन ब्रॅडली याने गाण्यांमागे व्हायोलिनचा ताफा आणि कोरस उभा केला, त्यामुळे मूळचा गावरान बाज गेला असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. एवढ्या वाद्यांतही आवाज पुढेच राहतो. ‘फेडेड लव्ह’च्या शेवटी, अखेरच्या शब्दाआधी तिने घेतलेला श्वास साफ ऐकू येतो. तो कापला नाही, हे फार बरं केलं. ‘शीज गॉट यू’मध्ये फोटो, रेकॉर्ड, अंगठी सगळं हिच्यापाशी आहे, माणूस तेवढा दुसरीकडे. इतकी साधी मांडणी आणि इतकी जिव्हारी लागणारी!

तक्रार एकच. गाणी सालाप्रमाणे लावलेली नाहीत. १९६३ चं ‘स्वीट ड्रीम्स’ १९६१ च्या ‘क्रेझी’आधी येतं, त्यामुळे तिची गायकी कशी पिकत गेली ते सलग कळत नाही. ‘यू आर स्ट्राँगर दॅन मी’ मला बेताचं वाटलं. बाकी अकरा गाण्यांतलं एकही सोडू नका. सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. मोबाईलच्या स्पीकरवर नको, चांगले इअरफोन लावा, नाहीतर खालचा बास हरवतो आणि ‘आय फॉल टू पीसेस’ची अर्धी मजा तिथेच आहे.