ब्लॅक मदेरा, पनाश आणि आपलं पूना अंजीर: वर्षभर सांभाळल्यानंतरचा हिशेब

गच्चीवर अंजिराच्या तीन जाती वर्षभर सांभाळल्या, त्यांचं सुरुवातीलाच रेटिंग देऊन टाकतो म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचं नाही ते मोकळे. पनाश पाचपैकी चार, ब्लॅक मदेरा पाचपैकी अडीच, आणि साध्या नर्सरीतून ऐंशी रुपयाला आणलेलं पूना अंजीर पाचपैकी साडेचार. आता का ते सांगतो.

पनाशचं रोप अठराशेला पडलं, ते एका ऑनलाइन विकणाऱ्याकडून. मदेरा साडेचार हजार, तेही जेमतेम फूटभर, चार पानांचं, एका अंजीर जमवणाऱ्या हौशी माणसाकडून. साडेचार हजार ऐकल्यावर आमची माय म्हटली, "इतला पैसामा ते बकरी यी जाई." बरोबरच आहे तिचं, पण अंजिराच्या दुनियेत साडेचार हजार म्हणजे चिल्लर आहे हे तिला कसं समजावणार. अमेरिकेत ह्या ब्लॅक मदेराच्या आणि कोल दे दामा म्हणून ज्या स्पॅनिश जाती आहेत त्यांच्या नुसत्या काड्या लिलावात विकल्या जातात, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, मुळं नसलेली काडी, आणि एकेका काडीवर शंभर डॉलरच्या वर बोली गेलेली आहे, रुजलेल्या रोपाला तर कितीतरी शे डॉलर. रुजेल की सडेल याची गॅरंटी कोणी देत नाही. तरी लोक रात्री जागून बोली लावतात.

आता ही किंमत कशाची असते हा मुद्दा आहे आणि माझं सगळं मत त्यावरच उभं आहे. तिकडे न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनियाकडचे लोक हिवाळ्यात कुंड्या उचलून गॅरेजमध्ये ठेवतात कारण बाहेर बर्फात झाड जमिनीपर्यंत जळतं, त्यांचा उन्हाळा छोटा, मग लवकर पिकणारी रोंद द बोर्दो, थंडीत तग धरणारी शिकागो हार्डी असल्या जातींना तिथे भाव. ठीक आहे त्यांचं. पण आपले इकडचे विकणारे "कोल्ड हार्डी" असं मोठ्या अक्षरात लिहून त्याचे हजार दोन हजार जास्त लावतात. अरे भाऊ, अमळनेरला कुठली थंडी, डिसेंबरात चार दिवस स्वेटर निघतो तेवढंच. जो गुण आपल्याला लागतच नाही त्याचे पैसे का द्यायचे? आपल्याला पाहिजे ते दोन गुण, एक म्हणजे मे महिन्यात कुंडीत जिवंत राहणं आणि दुसरा म्हणजे पावसात फळाचं तोंड बंद राहणं. अंजिराच्या बुडाशी ते बारीक छिद्र असतं ना, ते उघडं असेल तर पावसाचं पाणी आत जातं, मुंग्या जातात, आतून आंबतं. सेलेस्ट नावाची अमेरिकेत लावली जाणारी एक जुनी जात घट्ट तोंडासाठीच नावाजलेली आहे आणि ती काही फार महाग पण नाही. पण तिचं नाव कोणी जाहिरातीत पुढे करत नाही कारण दिसायला साधी, तपकिरी, फोटोत उठून दिसत नाही.

नावांचा घोळ तर विचारूच नका. कॅलिफोर्नियातल्या आयरा कॉन्डिट नावाच्या संशोधकाने 1955 साली अंजिराच्या जातींवर मोठा ग्रंथ काढला, त्यात सहाशेच्या वर जातींची नोंद आहे आणि एकाच जातीला किती ठिकाणी किती नावं हे पण त्याने दिलंय. कदोता म्हणून जी विकतात ती मूळ इटलीची दोत्तातो. कॅलिमिर्ना म्हणजे तुर्कस्तानची सारी लोप, कॅलिफोर्नियात नेऊन नाव बदललं. व्हायोलेट द बोर्दो आणि नेग्रोन हे पण एकच झाड. म्हणजे दोन नावं बघून दोन रोपं घेतली आणि घरी एकच झाड दोनदा आलं असं होऊ शकतं. त्यात कॅलिमिर्नाची अजून एक भानगड, तिला परागीकरणाशिवाय फळ टिकत नाही, त्यासाठी नर अंजीर आणि त्यात राहणारी ती बारीक माशी लागते, कॅलिफोर्नियात ती माशी 1899 मध्ये बाहेरून आणून बसवली तेव्हा कुठे फळ धरलं. आपल्याकडे कोणी ते रोप हजारात विकत असेल तर लांबूनच नमस्कार करा, फळं सुपारीएवढी होऊन गळून जातील. पूना, ब्राऊन टर्की, पनाश, मदेरा यांना माशीबिशीची गरज नाही.

आता वापर. गच्ची पश्चिमेकडची, दुपारी दोन नंतर थेट ऊन. सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे वैशाखात, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा काळ्या नर्सरी पिशवीतली माती हाताला चटका देते. मदेराचं रोप काळ्या पिशवीतच आलं होतं, विकणाऱ्याने सांगितलेलं की वर्षभर पिशवी बदलू नका. उन्हाळा लागायच्या आत मी ते काढलं आणि रंगाच्या वीस लिटरच्या पांढऱ्या बादलीत लावलं, बुडाला भोकं पाडून. पांढरी बादली तापत कमी, हा फरक बोट लावलं तरी कळतो. माती बोरी नदीच्या काठची पोयट्याची, त्यात शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड कारण अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी, म्हणजे मातीतल्या बारीक अळ्या, फार लवकर लागतात. शेतातली काळी माती बादलीत घालू नका, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. वरून केळीचे वाळलेले पत्ते जाड थरात टाकले, रावेरकडच्या एका नात्यातल्या आप्पांकडून पोतंभर आणले होते, फुकट. हे मल्चिंग सगळ्यात उपयोगी पडलं, कोणत्याही महाग वस्तूपेक्षा. वरती पन्नास टक्क्याची हिरवी शेडनेट, ठिबकची एकेक नळी, टायमरवर सकाळ संध्याकाळ.

म्हणजे बघा, बादल्या, शेडनेट, ठिबक, पक्ष्यांची जाळी, हे सगळं धरलं तर रोपांच्या किमतीइतकाच खर्च वर झाला. "अंजीर कितीला पडलं" विचारलं की लोक फक्त रोपाची किंमत सांगतात, ते खरं नाही.

एवढं करून उन्हाळ्यात काय झालं? पूना अंजिराने दुपारी पानं लोंबवली, संध्याकाळी उभी केली, रोज, जसं काही झालंच नाही. पनाशच्या पानांच्या कडा करपल्या पण शेंडा चालू राहिला. मदेरा बसून राहिलं. मेलं नाही, वाढलंही नाही. त्याची वाढ मुळातच हळू असते हे जमवणारे लोक सांगतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे मोझॅक व्हायरस. पानांवर पिवळट चट्टे, तेलाचा डाग पडल्यासारखे, कडेला गंजल्यासारखी रेघ, काही पानं वाकडी. हा रोग अंजिरावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामुळे पसरतो आणि काडीबरोबर तर जातोच जातो, त्याला औषध नाही. मदेरा ही जात ह्याबाबतीत बदनामच आहे. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर म्हटला, "ओरिजिनल आहे म्हणूनच चट्टे आहेत." म्हणजे रोगालाच सर्टिफिकेट करून टाकलं पठ्ठ्याने! साडेचार हजार देऊन आजारी झाड घ्यायचं आणि वर आनंद मानायचा. माझे अडीच मार्क इथे कापले गेलेत.

ह्याच्यावरून एक सांगतो, काही जण टपालाने बाहेरून काड्या मागवतात, पाकिटावर भलतंच काहीतरी लिहून. ते करू नका. प्लँट क्वारंटाइनचा 2003 चा आदेश आहे, आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे रोपाला रोग-कीड नसल्याचं, सर्टिफिकेट लागतं. नियमाचं सोडा, पुरंदरला त्या पट्ट्यात लोकांचं पोट अंजिरावर आहे, पुरंदर अंजिराला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, तिथे काही नवीन रोग गेला तर आपल्या हौशीचे पैसे दुसरे भरतील.

पावसाळ्यात तांबेरा, हा बुरशीचा रोग. तिन्हींवर आला. पानाच्या मागे तपकिरी पावडरसारखे ठिपके आणि मग पानगळ. पूनावर सगळ्यात जास्त, हे तिचं खरं वैगुण्य म्हणून अर्धा मार्क कमी. खालची पानं काढून जाळली, मँकोझेब हे बुरशीनाशक मारलं, आटोक्यात आलं. पावसाळ्यातल्या खट्ट्या बहाराची फळं नावाप्रमाणेच, पाणचट आंबट, त्यावरून कोणत्याच जातीला जोखू नका. उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मीठा बहार खरा.

आता फळ. पनाशचं सगळ्यात आधी सांगतो कारण तिच्यावर जीव आहे. हिरव्या फळावर पिवळे उभे पट्टे, टरबुजाच्या सालीसारखे, आणि गंमत म्हणजे हे पट्टे नुसत्या फळावर नसतात, कोवळ्या फांदीवर पण असतात. घेताना फांदी बघायची, पट्टा नसेल तर पैसे देऊ नका, नर्सरीवाला काही का सांगेना. पट्टे असलेली फांदी कधी कधी साधी हिरवी निघते, ती कापून टाकावी लागते नाहीतर तीच जोर धरते. फळ उशिरा पिकतं, पूनाची तोडणी संपत आली तेव्हा हिची मान पडायला लागली. मान पडणं हीच खूण, फळ देठात वाकून खाली लोंबतं, हाताला मऊ लागतं, तोडताना देठातून पांढरा चीक येत नाही. चीक आला म्हणजे कच्चं, आणि अंजीर तोडल्यावर गोड होत नाही, केळीसारखं भट्टीत पिकवायचं काम नाही. फोडलं तर आत गर्द लाल गर, आंबटगोड, जॅमसारखा. घरात पोरांनी पहिल्या फळाचे चार तुकडे करून वाटून खाल्ले, मला बिया दातात अडकल्यावर कळलं की आपला वाटा संपला.

मदेराची हातावर मोजण्याइतकी फळं आली. खरं सांगायचं तर चव जबरदस्त आहे, नाकारणार नाही. काळपट जांभळी साल चिरलेली, तोंडाशी मधाचा थेंब येऊन थांबलेला, आत गडद, चिकट, पूनापेक्षा दाट. ज्याने बोली लावली त्याने का लावली हे पहिल्या घासात कळतं. पण वर्षभराची राखण आणि साडेचार हजार लावून फळांची गिनती केली की एकेक फळ सहाशे सातशेला पडलं, आणि त्यातलं एक बुलबुलाने नेलं. हे झाड वयाने सुधारेल असं जाणकार म्हणतात, बघू.

पूनाने टोपलीभर दिले. चव मध्यम गोड, साल पातळ, गर गुलाबी, त्यात कौतुकाचं काही नाही पण रोज सकाळी चार पाच निघत होती तीन आठवडे, शेजारच्या काकूंना दिली, ऑफिसात नेली. लोक विचारतात ते हेच, "अजून आहेत का?" मदेराबद्दल कोणी विचारलं नाही कारण कोणाला मिळालंच नाही.

शेवटचं, पैसे वसूल करण्याबद्दल. जमवणारे सांगतात की महाग रोप घ्या, पुढच्या वर्षी त्याच्याच काड्या विकून पैसे काढा. गणित दिसायला बरोबर आहे, छाटणीत आठ दहा काड्या निघतात. पण जो विकत घेतो तोही पुढच्या वर्षी काड्याच विकणार, म्हणून नवीन जात आली की भाव वर जातो आणि दोन तीन हंगामात घसरतो, तिकडेही असंच होतं. पहिल्या रांगेत पैसे देणाऱ्याला फक्त आधी मिळाल्याचं समाधान. ज्याला फळ खायचंय त्याने दोन वर्षं थांबावं, तेच रोप बरंच स्वस्त मिळतं. पनाश मी अठराशेला घेतली, आता सहाशेला बघतोय.

पाऊस संपला की छाटणी करणार आहे. पूना आणि पनाशच्या काड्या ज्याला पाहिजेत त्याने अमळनेरला येऊन न्याव्यात, पैसे नकोत, येताना रिकामी पांढरी बादली आणा. मदेराच्या काड्या मागू नका, चट्टे असलेलं झाड मी पुढे पाठवणार नाही.