जुन्या गाडीची थरथर आणि ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर : वापरून झाल्यावरचा अनुभव

माझी पेट्रोल गाडी १४ वर्षं जुनी आहे. पळताना काही तक्रार नाही पण उभी राहिली की थरथर सुरू, आरपीएमचा काटा ६०० ते ९५० च्या मध्ये वरखाली, स्टिअरिंग हातात हलतंय आणि एसी लावला तर आता बंदच पडणार असं वाटायचं. दोन मेकॅनिकना दाखवली, एकाने चारही प्लग बदलले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी साफ केली आणि एक कॉइल बदलली, दोन्ही वेळा दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नव्हता, त्यामुळे दोघांचंही म्हणणं एकच, दिवा नाही म्हणजे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावून काही दिसणार नाही. ते खरं नव्हतं, आणि ज्यांची जुनी गाडी अशीच मिसिंग करतेय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

घेतला तो साधा ब्लूटूथचा स्कॅनर, ईएलएम३२७ प्रकारातला, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायचा, चावी ऑन, फोनवर अ‍ॅप उघडायचं, झालं. अँड्रॉइडवर पाच मिनिटांत जोडला गेला. आयफोनवाल्यांनी मात्र घेण्याआधी नीट बघा, जुना ब्लूटूथवाला तिथे चालत नाही, वायफायचा किंवा बीएलई (कमी बॅटरी खाणारं नवं ब्लूटूथ) लिहिलेलाच लागतो.

पहिल्यांदा कोड बघितले. पक्का कोड एकही नाही पण पेंडिंगमध्ये पी०१७१ बसलेला, म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेंडिंग कोडला दिवा लागत नाही, ईसीयूला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) शंका आलेली असते पण खात्री झालेली नसते. इथे बरेच जण एक चूक करतात आणि मीही केली, लगेच कोड पुसून टाकला. तो पुसला की त्याच्यासोबत ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणाबद्दल शिकलेले आकडेही जातात आणि परत जमायला काही दिवस गाडी चालवावी लागते. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग काय ते करा.

खरी किंमत वसूल झाली ती लाइव्ह डेटामध्ये. त्यात फ्युएल ट्रिम म्हणून दोन आकडे येतात, शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (हळूहळू शिकलेला). ऑक्सिजन सेन्सर सांगतो त्याप्रमाणे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते यात दिसतं. दोन्हीची बेरीज अधिक-उणे ५ च्या आत असली तर छान, १० पर्यंत चालून जातं. माझ्या गाडीत इंजिन पूर्ण गरम असताना आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता) लाँग टर्म अधिक १९ आणि शॉर्ट टर्म अधिक ६, म्हणजे बिचारा ईसीयू २५ टक्के जास्तीचं पेट्रोल ओतून कशीबशी गाडी चालू ठेवत होता. मग न्यूट्रललाच रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली, तर बेरीज उतरून अधिक ४ वर आली. हे बघून मी अक्षरशः सीटवर सरळ बसलो, कारण फॉल्ट कुठे शोधायचा ते यातच कळतं. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर आयडलिंगला इंजिन मुळात हवाच थोडी घेतं, त्यात ती चोरटी हवा खूप जाणवते, रेस दिली की एकूण हवा वाढते आणि तेवढीच गळती किरकोळ होऊन जाते. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलटं झालं असतं, लोड वाढला तसा आकडा अजून चढला असता. प्लग आणि कॉइलवर गेलेला खर्च आठवून वाईट वाटलं खरं.

बॉनेट उघडलं आणि नळ्या एकेक हाताने चाचपत गेलो. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) मागे पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनमधली ऑइलची वाफ परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) रबरी नळी वळते त्या एल्बोला खालच्या बाजूने चीर, ऑइलच्या वाफेने रबर फुगून मऊ झालेलं, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. चिरेच्या आणि मॅनिफोल्डच्या मधे पकडीने नळी हलकेच दाबली आणि फोन समोर ठेवला, शॉर्ट टर्मचा आकडा डोळ्यादेखत खाली यायला लागला आणि काटा स्थिर झाला. लीक शोधायला काही जण गरम इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारतात, ते पेट घेतं, कृपा करून तसं करू नका. नळी बदलली, चार दिवस नेहमीसारखी चालवली, लाँग टर्म अधिक ३ वर आला आणि काटा ७५० वर गप्प उभा.

आता स्कॅनरच्या उणिवा. डेटा हळू येतो, आठ-दहा रीडिंग एकदम लावली तर आकडा काही सेकंद मागे पडतो, म्हणून आरपीएम, दोन ट्रिम आणि कूलंटचं तापमान एवढंच लावा. एबीएस, एअरबॅग यात दिसत नाही. कंप्रेशन कमी असेल तर जास्तीत जास्त पी०३०१ ते पी०३०४ मधला कोड येऊन कुठला सिलिंडर मिसिंग करतोय ते कळेल, का करतोय ते कंप्रेशन मोजायचं गेज लावूनच बघावं लागेल. आणि आरपीएम दगडासारखा स्थिर आहे, ट्रिमही नॉर्मल, तरी सीट थरथरतेय, तर इंजिनला हात लावू नका, आधी माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) बघा, तिथलं रबर बसलेलं असतं. अजून एक, माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे म्हणून हे ट्रिमचं गणित इतकं साफ जुळलं, ज्यात फक्त एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो त्यात तीच गळती झाली तर ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग चढून राहतं.

सॉकेट आहे म्हणजे ओबीडी २ (हा स्कॅनर ज्यावर चालतो ती ठरलेली पद्धत) असेलच असं नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते सक्तीचं झालं, बाकी ठिकाणी नंतर, त्यामुळे गाडी फारच जुनी असेल तर आधी कुणाचा तरी मागून लावून बघा. कार्बोरेटरच्या गाडीला याचा काही उपयोग नाही.

आणि काम झालं की काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनला चावी बंद असतानाही बॅटरीचा सप्लाय असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि बॅटरी आधीच थकलेली असली तर सेल्फच लागत नाही.