घरचा अर्धा तास: कात्री, अक्षरं की गोष्टीचं पुस्तक?

तीन ते सहा वर्षांचं मूल घरात आहे आणि रोज जेमतेम अर्धा तास त्याच्यासोबत निवांत बसता येतं. हा वेळ कशात घालवावा? सुचवणारे खूप भेटतात. अडचण अशी की 'क्राफ्ट' आणि 'वाचनाची तयारी' यांची सगळीकडे सरमिसळ केलेली असते. कुठल्या खेळाने हात तयार होतो, कुठल्याने कान, कुठल्याने भाषा, हे आधी वेगळं केलं तर निवड बरीच सोपी होते.

अक्षर सजवायचं की घडवायचं

सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे मोठा पोकळ 'क' काढायचा आणि त्यात कापूस, टिकल्या नाहीतर कागदाचे कपटे चिकटवायचे. भिंतीवर तो छान दिसतो. पण चिकटवताना मुलाचं लक्ष असतं डिंकावर आणि कपटा रेघेबाहेर जाऊ नये यावर. 'क'चा दांडा कुठे, गाठ कोणत्या बाजूला, शेपूट कुठून वळतं, असा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण आकार आधीच तयार मिळालेला असतो. 'क'च्या जागी मासोळी दिली असती तरी मुलाने अगदी हेच केलं असतं.

तोच 'क' क्लेच्या वळ्या करून जोडायला सांगा. आता उभी वळी किती लांब घ्यायची, गोल कुठे चिकटवायचा, हे मुलालाच ठरवावं लागतं. चुकतं, मोडतं, पुन्हा होतं. वेळ तेवढाच लागतो आणि पसारा उलट कमी होतो. अक्षरांसाठीच बसायचं असेल तर मी डोळे मिटून क्लेच्या बाजूने आहे.

तिसरा पर्याय माँटेसरी पद्धतीतला: खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. मूल त्यावरून लिहिण्याच्याच दिशेने बोट फिरवतं आणि तोंडाने आवाज म्हणतं. कापायचं काम मोठ्यांचं आणि एकदा नीट बसून करावं लागणारं. पण पुढे कित्येक महिने तयारी शून्य. ज्यांना रोज नवीन काही जमवायचा कंटाळा आहे त्यांनी हाच मार्ग धरावा.

'आठवड्याला एक अक्षर' या बेतापासून मात्र सावध राहा. तो २६ अक्षरांच्या इंग्रजीसाठी ठीक आहे. आपली मुळाक्षरंच पन्नासच्या आसपास आहेत. मात्रा-वेलांट्यांना हात लावायच्या आतच वर्ष संपेल.

गिरवणं आणि हाताने काढणं

टिंबांवरून गिरवायच्या वह्या स्वस्तात पडतात आणि पालकांना दहा मिनिटं मोकळी मिळतात. हा फायदा खरा आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण अक्षर ओळखायला शिकण्यात त्यांचा वाटा कमी असावा, असं दिसतं. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा वाचनाशी संबंधित भाग हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी ठळकपणे जागे झाले. प्रयोग लहान होता, पण सुचवतो ते पटण्यासारखं आहे. स्वतः काढलेलं वेडंवाकडं अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं, आणि त्यातलं कायम काय राहतं हे मुलाला शोधावं लागतं.

कुठली अक्षरं आधी घ्यायची, यालाही महत्त्व आहे. साधारणपणे तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या सुमारास फुली, आणि त्रिकोणाला पाचवं वर्ष उजाडतं. 'अ'मध्ये वळणंच वळणं, तरी आपण सुरुवात त्यानेच करतो. त्यापेक्षा ट, ठ, र, ग, न, म हे हाताला सोपे. घ आणि ध, ब आणि व, भ आणि म या जोड्या एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

आणि यादीतल्या पहिल्या अक्षराआधी मुलाचं स्वतःचं नाव. नावातली अक्षरं, त्यातही पहिलं, मुलं इतरांपेक्षा लवकर ओळखतात. नाव 'क्षितिजा' असेल तर सुरुवातीलाच जोडाक्षर येतं, येऊ दे. ते आधी चित्रासारखं लक्षात राहतं, फोड नंतर करता येते.

अक्षरकार्डं की आवाजांचे खेळ

कार्ड दाखवायचं, मुलाने ओळखायचं: याने पाहुण्यांसमोर मूल हुशार दिसतं. आवाजांच्या खेळांना ना कार्ड लागतं ना कागद, आणि ते आंघोळ घालताना किंवा जिना उतरतानाही होतात. 'म'पासून सुरू होणाऱ्या वस्तू शोधायच्या, 'पाटी-माती-घोडा' यातला न जुळणारा सांगायचा, लहानग्यांना झेपतील अशा शब्दांच्या भेंड्या लावायच्या.

इथे टाळ्या वाजवून शब्द तोडायचा खेळ फार उपयोगी, पण त्यात एक खाच आहे. 'कमळ' म्हणताना मूल दोनच टाळ्या वाजवेल: क-मळ. 'खिडकी'लाही दोनच: खिड-की. आपण मोठे मनातल्या मनात लिहिलेली अक्षरं मोजतो आणि 'अरे, तीन!' म्हणून त्याला दुरुस्त करतो. मुलाचा कान बरोबर असतो. बोलताना तुकडे दोनच पडतात, लिहिताना अक्षरं तीन होतात. लिपीशी ओळख झाली की तिसरं अक्षर त्याला आपोआप सापडतं, तोवर दोन टाळ्यांना शाबासकी द्या.

कार्डं फेकून द्यायची नाहीत मात्र. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आवाज ओळखण्यात मागे असलेल्या मुलांना दोन वर्षं आवाजांचे खेळ दिले होते. नुसत्या आवाजांपेक्षा आवाज आणि हातात धरायची प्लॅस्टिकची अक्षरं, असं दोन्ही मिळालेला गट वाचन-लेखनात पुढे गेला. म्हणून आधी कान, आणि खेळ रंगला की त्याच आवाजाचं अक्षर समोर ठेवायचं.

गोष्ट वाचून दाखवणं

या सगळ्यांतून एकच ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन. पण 'वाचून दाखवणं' हेही दोन तऱ्हांनी होतं आणि फरक मोठा आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांची तुलना केली. दोन्ही घरांत पुस्तकं वाचली जात होती. एका गटातले पालक नेहमीसारखे वाचत होते. दुसऱ्या गटातल्यांना थांबून 'काय', 'कुठे', 'आता काय होईल' असे प्रश्न विचारायला आणि मुलाचं तुटक उत्तर थोडं वाढवून परत म्हणायला शिकवलं होतं. महिन्याभरात दुसऱ्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली.

म्हणजे मूल 'भू भू पळाला' म्हणालं की 'हो, मांजराला बघून भू भू पळाला' एवढंच म्हणायचं. चूक काढायची नाही. दर पानावर प्रश्नही विचारायचे नाहीत, नाहीतर गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि मूल पुस्तक मिटून पळतं. तेच पुस्तक पुन्हा हवं असेल तर पुन्हा वाचा. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला मूलच गोष्ट सांगू लागतं.

एक गैरसमज: मांडीवर बसून पुस्तक बघितलं की अक्षरं आपोआप येतील. डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिलं तेव्हा शाळेआधीच्या वयाची मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच बघताना आढळली. भाषा त्यातून भरपूर मिळते, लिपी फारशी नाही. अधूनमधून एखाद्या शब्दाखाली बोट ठेवलं, 'हा बघ तुझ्या नावातला म' म्हटलं, की नजर तिकडे वळते. पानाला एकदा पुरे.

मुलाचं स्वतःचं पुस्तक

क्राफ्ट आणि वाचन खऱ्या अर्थाने जिथे एकत्र येतात तो हा प्रकार. तीन-चार कागद दुमडायचे, मधून दोऱ्याने शिवायचे (स्टेपलरची पिन लहान बोटांना टोचते). मूल चित्र काढतं किंवा कागद फाडून चिकटवतं आणि सांगतं. तुम्ही त्याच्या देखत, ते म्हणेल तसंच लिहायचं. 'मी पडलो ना मग बाबा आला' असं म्हणालं तर तसंच. सुधारून लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं वाक्य 'वाचू' शकत नाही. तोंडातलं बोलणं कागदावर उतरतं आणि पुन्हा तसंच बाहेर येतं, ही गोष्ट याइतकी स्वच्छ दुसऱ्या कशातूनही कळत नाही. तोटा एवढाच की मोठं माणूस पूर्ण वेळ सोबत लागतं.

मग निवडायचं कसं

तीनच्या आतल्या मुलाला अक्षरं नकोतच. गोष्ट, बडबडगीतं आणि फाडणं-चुरगाळणं-चिकटवणं एवढं भरपूर आहे. मणी, बटणं, टिकल्या या वयात दूर ठेवा. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जाईल अशी वस्तू घशात अडकू शकते. बोथट टोकाची कात्री तिसऱ्या वर्षापासून कचाकच तुकडे करायला, चौथ्याच्या पुढे सरळ रेघेवर, गोल कापायला आणखी नंतर.

मूल आपणहून 'हे काय लिहिलंय?' विचारायला लागलं असेल तर पॉलिश पेपरची किंवा क्लेची अक्षरं आणि स्वतःचं पुस्तक. विचारत नसेल तर घाई नाही, कानाचे खेळ चालू द्या. वेळच नसेल तर झोपताना दहा मिनिटं पुस्तक. क्राफ्ट सुट्टीच्या दिवशी. आणि साध्या क्राफ्टकडून अक्षरओळखीची अपेक्षाच करू नका. घडी घालणं, ओवणं, कापणं यातून बोटांना ताकद येते, आणि ती पुढे लिहिताना लागतेच.

पेन्सिल धरायलाच नको म्हणणाऱ्या मुलाला खडूचे तुकडे द्या, बोटाच्या पेराएवढे. तुकडा इतका लहान असला की तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. सोबत पाण्यात बुडवलेला ब्रश आणि एखादी पाटी किंवा फरशी. रेघा वाळून गेल्या की पुन्हा ओढायच्या.