बलून उडालं, पण भलत्याच दरीवरून: कॅपाडोशियातला आमचा अनुभव

आईला बलूनमध्ये बसायचं होतं. बाबा गेल्यानंतरच्या तीन वर्षांत तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट. भाचीने तिला मोबाइलवर तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचा व्हिडिओ दाखवला होता. पहाटेचं आभाळ, खाली सुळक्यांनी भरलेल्या दऱ्या आणि वर तरंगणारे रंगीत फुगे. "हे खरंच असतं का गं?" असं तिने मला विचारलं आणि पोस्टातली आरडी पिकली तेव्हा ते पैसे आणून माझ्या हातात ठेवले. "माझं तिकीट माझ्या पैशांनी काढायचं," म्हणाली. म्हणून हा अनुभव लिहिताना माझा राग अजून उतरलेला नाही. फसलो आम्ही तिघंही, पण त्यातला एक हिस्सा माझ्या आईच्या आरडीचा होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी, नवरा आणि आई असे निघालो. विमानं, हॉटेल सगळं आम्ही स्वतःच बुक केलं होतं. राहिलं होतं फक्त बलून. इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. फोटो सुंदर, खाली भारतीय प्रवाशांचे आनंदी अभिप्राय. मेसेज केल्यावर दहा मिनिटांत फोन आला, तोही हिंदीत. "दीदी, टेन्शन मत लो, माताजी को मैं खुद बिठाऊंगा." परक्या देशात आपली भाषा बोलणारा माणूस भेटला की अर्धी काळजी तिथेच मिटते. आमचीही मिटली.

भाव ठरला माणशी 160 युरो. सूर्योदयाचं उड्डाण, एक तास हवेत, बास्केटमध्ये जास्तीत जास्त 16 माणसं. अर्धी रक्कम आगाऊ, अर्धी तिथे पोहोचल्यावर रोख. आगाऊ रकमेचे सुमारे 24,000 रुपये त्याने भारतातल्याच एका खात्यावर यूपीआयने मागवले. खातं त्याच्या कंपनीच्या नावाचं नव्हतं, एका भलत्याच व्यक्तीचं होतं. नवऱ्याने विचारलं, तर "वो हमारा इंडिया का पार्टनर है" असं उत्तर आलं. तिथेच थांबायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर व्हाउचर आलं, त्यावर लिहिलेलं 'कॅपाडोशिया सूर्योदय बलून, दरीवरून उड्डाण'. कोणती दरी ते नव्हतं. बलून कोणती कंपनी उडवणार तेही नव्हतं. आम्ही ते व्हाउचर दोनदा वाचलं आणि या दोन रिकाम्या जागा आमच्या लक्षातच आल्या नाहीत.

गोरेमे गावात आमचं हॉटेल डोंगरातच कोरलेलं होतं. आई नाशिकची, पांडवलेणी बघत मोठी झालेली. खोलीच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, "हा आपल्यासारखा कातळ नाही गं." तिचं बरोबर होतं. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. तिथला दगड मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचा, हाताला भुकटी लागेल इतका मऊ. एर्जियेससारख्या जुन्या ज्वालामुखींनी टाकलेली राख घट्ट झाली, मग पावसा-वाऱ्याने ती झिजवली. जिथे वर कठीण दगडाची टोपी राहिली तिथे खाली सुळका टिकला. अशा सुळक्यांना तिथे पऱ्यांची धुराडी म्हणतात. लोकांनी त्यांच्या पोटात घरं कोरली, चर्च कोरली, कबुतरांसाठी खुराडी कोरली. गोरेमेचा हा परिसर 1985 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लोक बलूनमधून बघायला येतात ते हे. नुसतं हवेत उडणं नव्हे.

तो हिंदी बोलणारा एजंट संध्याकाळी हॉटेलवर आला, उरलेले 240 युरो रोख घेऊन गेला. पावती मागितली तर व्हाउचरच्या मागे पेनने 'पेड' लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला व्हॅन आली. थंडी इतकी की आईने स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जाकीट घातलं. एका हॉलमध्ये चहा-बिस्किटं दिली आणि बसवून ठेवलं. सहाच्या सुमारास निरोप आला की वारा आहे, आजची उड्डाणं रद्द.

इथे कुणीही खोटं बोलत नव्हतं. कॅपाडोशियात बलून उडवायचं की नाही हे एजंट ठरवत नाही आणि पायलटही एकटा ठरवत नाही. तुर्कस्तानच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या नियमांखाली, हवामानाचे अंदाज पाहून, त्या त्या विभागासाठी झेंडा ठरतो. हिरवा म्हणजे उड्डाण, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. तिथल्या कापादोक्या विद्यापीठाचं एक केंद्र हे काम पाहतं आणि त्या दिवसाची स्थिती त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पहाटेच उडायचं तेही हवेमुळेच. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उसळू लागते आणि फुगा आवरणं कठीण होतं. मे 2013 मध्ये तिथे दोन बलून हवेत एकमेकांवर आदळली आणि प्रवासी मेले. लाल झेंडा लागला तर वाईट वाटून घेऊ नये, त्याचे आभारच मानावेत. आईने तेव्हा तेच केलं. "उद्या जाऊ," म्हणाली.

फसवणूक त्या झेंड्यानंतर सुरू झाली.

दुपारी तो आला आणि हळहळत म्हणाला, आजचे सगळे प्रवासी उद्यावर गेले, जागाच नाहीत. कंपनी पैसे परत करत नाही, फक्त तारीख बदलून देते, आणि उद्याची जागा हवी असेल तर माणशी 100 युरो वाढीव. अर्ध्या तासात सांगा, दुसरं कुटुंब रांगेत आहे. आमच्याकडे गोरेमेत दोनच सकाळी उरल्या होत्या. नवरा म्हणाला, सोडून देऊ. मी आईकडे पाहिलं. ती काहीच बोलली नाही, शालीची घडी घालत बसली. मी पर्समधून 300 युरो काढून दिले. ते मी दिले, कुणी हिसकावले नाहीत, हे मला सतत आठवत राहतं.

जी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती ती आता कळकळीने सांगते. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द झालं तर तिथल्या बलून कंपन्या पूर्ण पैसे परत करतात किंवा जागा असेल तर दुसऱ्या दिवशी नेतात, आणि यातलं काय हवं ते प्रवाशाने ठरवायचं असतं. हे तिथे इतकं रुळलेलं आहे की आमच्या हॉटेलच्या मालकिणीला मी नंतर सांगितलं तेव्हा तिला आधी मी काय म्हणते तेच समजेना. वाढीव पैसे? कशाचे? एक मजला खाली उतरून तिला आदल्याच दिवशी विचारलं असतं तर 300 युरो वाचले असते. आम्ही विचारलं नाही, कारण आमच्याशी हिंदीत बोलणारा माणूस होता.

दुसऱ्या पहाटे व्हॅन चारलाच आली. मला वाटलं, गर्दी असेल म्हणून लवकर. गाडी उर्गुप ओलांडून पुढे गेली तेव्हा नवऱ्याने मोबाइलवर नकाशा उघडला. मुस्तफापाशा हे गावही मागे पडलं. आम्ही गोरेमेपासून दक्षिणेकडे लांब लांब चाललो होतो. चालकाला विचारलं, त्याला तुर्की सोडून काही येत नव्हतं. एजंट फोन उचलेना. तासाभराने अंधारात गाडी थांबली ती सोआनली नावाच्या दरीत. हा भाग कायसेरी प्रांतात येतो, नेवशेहिर प्रांतातल्या गोरेमेच्या दऱ्यांशी त्याचा संबंध नाही.

बास्केटमध्ये आम्ही मोजून 24 जण होतो. पायलट मात्र नेटका होता. उतरताना गुडघे कसे वाकवायचे, दोरीच्या कड्या कशा धरायच्या, सगळं त्याने दोनदा करून घेतलं. आईला बास्केटच्या खाचांमध्ये पाय ठेवून चढवताना दोघांनी आधार दिला. पायलटवर माझा आक्षेप नाही, त्या दरीवरही नाही. सोआनली शांत जागा आहे. कड्यांमध्ये बायझंटाइन काळातली चर्च कोरलेली आहेत, खुराड्यांच्या तोंडाभोवती पांढरा रंग आहे, गावातल्या बायका कापडी बाहुल्या करून विकतात. तिकडे जायचं म्हणून कुणी गेलं, त्याचा योग्य तो भाव दिला, तर सकाळ छान जाईल. आमच्या आजूबाजूला मोजकीच बलून होती. सुळक्यांची ती गर्दी नव्हती. आई बराच वेळ खाली वाकून बघत होती. मग मला कानात म्हणाली, "ते टोकदार डोंगर पुढे येणारेत का?"

मी हो म्हणाले. आईशी खोटं बोलले. हवेत असताना तिला काय सांगणार होते?

परत आलो तेव्हा हॉटेलच्या गच्चीवर लोक फोटो दाखवत होते. त्या दिवशी गोरेमेत हिरवा झेंडा होता आणि सकाळभर तिथली बलून उडली होती. म्हणजे आम्हाला लांब नेण्यामागे हवामान नव्हतं. हॉटेलच्या मालकिणीने सांगितलं की सोआनलीचं उड्डाण गोरेमेपेक्षा बरंच स्वस्त पडतं. मधला फरक कुणाच्या खिशात गेला ते उघड आहे.

त्याला गाठलं तेव्हा तो जराही गडबडला नाही. व्हाउचर दाखवून म्हणाला, कुठे लिहिलंय गोरेमे? कॅपाडोशिया लिहिलंय, सोआनली पण कॅपाडोशियाच आहे. आणि हे खरं आहे! कॅपाडोशिया हे एका गावाचं नाव नाही, तो जुना विस्तीर्ण प्रदेश आहे. गोरेमे त्यात येतं, सोआनली येते, पार अक्सराय प्रांतातली इहलारा दरीही येते. आदल्या दिवशीचा वारा खरा होता आणि हे उत्तरही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या फटीतून त्याने आमचे पैसे काढून घेतले. म्हणूनच तक्रार करणं इतकं अवघड गेलं. धडधडीत खोटं असं बोट ठेवून दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

भारतात परतल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही लिहिलं. पण यूपीआय करून तोवर दीड महिना उलटला होता. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची आशा असते, इतक्या उशिरा ती राहत नाही. रोख दिलेल्या 540 युरोंचा तर धड पुरावाच नाही. कार्डाने दिले असते तर निदान बँकेत दावा तरी लावता आला असता.

तुम्ही जाणार असाल तर व्हाउचरवर तीन नावं लिहून मागा. बलून प्रत्यक्ष उडवणारी कंपनी, उड्डाणाची जागा म्हणजे 'गोरेमे' हा शब्द, आणि विकणाऱ्या एजन्सीचा परवाना क्रमांक. तुर्कस्तानात प्रवास एजन्सीला तुरसाब या संघटनेचं सभासद असावं लागतं आणि तिचा क्रमांक तपासता येतो. बास्केटमध्ये किती माणसं आणि रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळणार, हेही लेखीच हवं. बलून कंपनीचं नाव मिळालं की तिला थेट मेल करून आपलं बुकिंग आहे का ते विचारा. आणि शक्यतो मुक्कामाच्या पहिल्या सकाळचं उड्डाण घ्या, म्हणजे लाल झेंडा लागला तरी हाताशी दिवस राहतात आणि कुणी घाई करून पैसे उकळू शकत नाही. आम्ही मुक्कामाच्या शेवटाकडे ठेवलं आणि त्याने तेच हेरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं परतीचं विमान होतं. पहाटे आईला जाग आली म्हणून तिला घेऊन गच्चीवर गेले. सातच्या आसपास सूर्य वर आला आणि दरीतून एकामागून एक बलून निघाली. कित्येक इतकी जवळून गेली की बर्नरचा भडका ऐकू येत होता. आई कठड्याला धरून उभी होती. टोकदार सुळके आणि त्यांच्यावरची बलून, व्हिडिओतलं सगळं तिच्यासमोर होतं. "दिसलं गं सगळं," ती म्हणाली. मी काहीच बोलू शकले नाही.

खाली नाश्त्याला आलो तर तोच माणूस लॉबीत बसलेला. समोर सुरतचं एक तरुण जोडपं, हातात मोजलेल्या नोटा. त्यांचं उड्डाण पुढच्या दिवशीचं होतं. मी सरळ जाऊन आमचं व्हाउचर त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, यांना एवढंच विचारा की बलून कोणत्या कंपनीचं आणि उडणार कुठून. मुलीने विचारलं. त्याने आधी हसून माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइल काढला, मग म्हणाला की ऑफिसला विचारून सांगतो. मुलीने नोटा पर्समध्ये परत ठेवल्या. तो उठून बाहेर गेला आणि आमची गाडी विमानतळाकडे निघेपर्यंत परत आला नाही.