राकसकोप, किल्ला तलाव की असोगा? चित्रासारख्या पाण्यासाठी कुठे जायचं

प्रतिबिंबाचे फोटो काढायला कुठे जाऊ, असं बेळगावात विचारलं की बहुतेक जण राकसकोपचं धरण सांगतात. जागा सुंदरच आहे. पण तिथे जो फोटो मिळतो तो कॅलेंडरवरचा: वर डोंगर, खाली उलटा डोंगर, मधे सरळ रेघ. मोने-रन्वार या फ्रेंच इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या (बदलता उजेड तुटक फटकाऱ्यांत पकडणाऱ्यांच्या) चित्रांतलं तुटक, थरथरतं, रंगाचे फटकारे मारल्यासारखं पाणी हवं असेल, तर माझ्या मते पहिला नंबर खानापूरकडच्या असोग्याचा, दुसरा गावातल्याच किल्ला तलावाचा आणि राकसकोप तिसरं. का, ते सांगतो.

आधी कुठल्या प्रकारचं चित्र हवं ते ठरवा, कारण इंप्रेशनिस्टांचं पाणी एकाच तऱ्हेचं नाही. १८६९ मध्ये मोने आणि रन्वार पॅरिसजवळ सीन नदीवरच्या ला ग्रेनुयेर नावाच्या जागी शेजारी शेजारी बसून रंगवत होते. तिथे लोक पोहायला, होड्या वल्हवायला येत. त्या चित्रांतलं पाणी म्हणजे आडवे, आखूड, जाड फटकारे. एक उजळ, एक काळपट, एक रंगीत. पुढे मोने जिव्हर्नीत स्थायिक झाला, १८९३ मध्ये जमीन घेऊन तिथे त्याने कमळांचं तळं केलं आणि १९२६ मध्ये वारला तोवर तेच रंगवत राहिला. त्यातल्या उत्तरकाळच्या पुष्कळ चित्रांत काठ नाही, क्षितिज नाही. नुसतं पाणी आणि त्यात विरघळलेलं आभाळ, झाडं. (या मंडळींचं पहिलं प्रदर्शन १८७४ मध्ये भरलं ते नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत. तेव्हा कॅमेऱ्याने त्यांची नक्कल करायला संकोच नको.)

पहिल्या, फटकाऱ्यांच्या प्रकाराला वेगवान शटर लागतं, १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, म्हणजे प्रत्येक लाट जागच्या जागी थिजते. दुसऱ्याला, विरघळलेल्या पाण्याला, मंद, १/१५ पासून १/४ सेकंदापर्यंत, म्हणजे कडा वितळतात पण रंग आपापल्या जागी राहतात. दोन-चार सेकंद शटर उघडं ठेवून पाण्याची साय करून टाकणं मला आवडत नाही. त्यात फटकारा उरतच नाही.

आता असोगा. खानापूरच्या पुढे मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे आणि नदीत खडकच खडक. दसऱ्यानंतर गढूळपणा गेला की या खडकांमधून पाणी संथ पण सतत हलत राहतं. हे सतत हलणं महत्त्वाचं, वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. खडकावर एखादी लाल साडी वाळत घातलेली असेल तर तिचं पाण्यातलं रूप जरा खाली वाकून बघा. साडी दिसतच नाही. दिसतात ते लाल रंगाचे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते तुकडे आणि दोन तुकड्यांच्या मधे आभाळाची निळी फट. लाटेचा जो उतार आपल्याकडे झुकलेला असतो तो वरचं आभाळ दाखवतो; जो पलीकडे झुकलेला असतो तो समोरच्या काठावरचं, खालचं दाखवतो. म्हणून लाल-निळं-लाल-निळं अशी पट्टी आपोआप पडते. शुद्ध रंग न मिसळता शेजारी शेजारी ठेवायचे, हे त्या चित्रकारांनी हाताने केलं. इथे नदी करून देते.

यासाठी एक अट आहे: वस्तू उन्हात हवी आणि तिच्यासमोरचं पाणी सावलीत. पाण्यावरच ऊन पडलं की तळाचे दगड, वाळू उजळतात आणि रंग धुऊन निघाल्यासारखा फिका होतो. सावलीतलं पाणी काळं दिसतं आणि काळ्यावर रंग उठतो. असोग्याला खडक आणि काठची झाडं ही सावली देतात, त्यामुळे सकाळी बराच वेळ काम होतं. खानापूर कौलांसाठी प्रसिद्ध. तिथल्या घाटावरही पलीकडे एखादं लाल छप्पर उन्हात असेल तर हाच खेळ मिळतो. वाईट बाजू अशी की हंगाम छोटा. पावसाळ्यात नदी तांबडी आणि धोकादायक, त्या दिवसांत खडकांवर उतरूच नये. उन्हाळ्यात धार बारीक होत जाते. शिवाय बेळगावपासून खानापूरच पंचवीस-सव्वीस किलोमीटर, असोगा त्याच्याही पुढे. धुणं धुणाऱ्या बायकांकडे लेन्स वळवण्याआधी विचारायचं, हे सांगायला नको. विचारलं की बहुधा हसून ‘काढा की’ म्हणतात, पण विचारलं म्हणून.

किल्ला तलावाचा मोठा गुण म्हणजे तो घराजवळ आहे. कामावर जाण्याआधी जाऊन येता येतं, आणि या छंदात पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय नाही. त्या उंच ध्वजस्तंभाच्या मागे लागू नका. पाण्यात तो एक वेडीवाकडी रेघ होतो, गंमत एकदाच येते. फिरायला आलेल्यांचे रंगीत कपडे, बाकडी, पिवळी-निळी पाटी, रस्त्यावरची लाल बस, असलं सामान शोधा. नुसत्या डोळ्याला कुरूप वाटणारी पाटी पाण्यात तुटली की सुरेख दिसते. तलावाला स्वतःचा प्रवाह नाही, त्यामुळे भल्या पहाटे पाणी आरशासारखं असतं आणि तेव्हा काहीच मिळत नाही. वारा जरा सुटला की कॅमेरा काढायचा. फार सुटला तर सगळंच करडं होतं. शेवाळ माजलं असेल त्या दिवसांत रंगांवर हिरवट झाक चढते. काहींना ती आवडते, मला नाही.

किल्ल्याच्या खंदकात जिथे पाणी टिकून आहे तिथली गोष्ट वेगळी. वरची भिंत उन्हात आणि पाणी खोल सावलीत, म्हणजे हवी तीच अट. पण रंग म्हणाल तर दगड आणि गवत, एवढाच. तपकिरी-सोनेरी चित्र हवं असेल तरच जा. परिसर लष्करी छावणीचा आहे, तेव्हा लेन्स कुठे रोखतो आहोत याचं भान ठेवा आणि जवानाने नको म्हटलं तर वाद न घालता निघा.

राकसकोपला विस्तार मोठा, काठ लांब, आणि काठावर हिरव्याशिवाय फारसा रंग नाही. मार्कंडेयेवरचं हे धरण शहराला पिण्याचं पाणी पुरवतं, तेव्हा कुठवर जायला परवानगी आहे ते आधी विचारायला हवं. धुक्याच्या सकाळी मात्र ते दुसऱ्या प्रकारच्या, विरघळलेल्या चित्राला चांगलं आहे. जानेवारीत एखादी सकाळ जुळली तर सोडू नका.

गोकाक धबधब्याचं नाव यादीत असतं म्हणून सांगतो: फेसाळ पाण्यात प्रतिबिंब नसतं. निपाणी-चिकोडीकडचे असाल तर एवढी पायपीट करूच नका, वेदगंगा-दूधगंगेवरचा जवळचा कोल्हापुरी बंधारा गाठा. वरच्या बाजूला पाणी तुंबून आरसा, खालच्या बाजूला वाहतं आणि तुटकं. एकाच जागी दोन्ही बघायला मिळतात. जुलैत अनगोळ-वडगावच्या शिवारात भाताची रोप लावणी चालते तेव्हा खाचरातल्या पाण्यात साड्यांचे रंग उतरतात. तिथे कॅमेरा अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणला नाही तर नुसता चिखल दिसतो. आणि गणपती विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावात दिव्यांच्या माळा पडतात, तेव्हा गर्दीत ट्रायपॉड नेऊ नका, १/६० सेकंद आणि चढा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) पुरे.

राहता राहिला सामानाचा प्रश्न. मोबाइल की कॅमेरा, यात मोबाइल हरतो. कारण भिंगापेक्षा त्याची सवय वाईट: आठ-दहा फ्रेम एकत्र करून तो लाटांच्या कडा आपल्या मनाने घोटून तासून देतो आणि फटकारे प्लास्टिकचे दिसतात. मोबाइलच असेल तर टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) आणि रॉ (फोनने घोटून न काढलेली मूळ फाइल), दोन्ही असतील तर वापरा. कॅमेऱ्याला ५५-२५० मिमीसारखी साधी झूम लेन्स पुरते. काठ कापून नुसतं पाणी घेण्यासाठी लांबूनच काढावं लागतं. फोकस पाण्यावर धरायचा की प्रतिबिंबावर, हे नवख्यांना चकवतं. कॅमेऱ्याच्या लेखी प्रतिबिंबाचं अंतर म्हणजे इथून पाण्यापर्यंत अधिक पाण्यापासून वस्तूपर्यंत. लाटांवर फोकस धरा म्हणजे फटकारे धारदार येतात आणि वस्तू आपोआप मऊ होते. एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने (म्हणजे उजेड निम्म्यावर आणून) कमीच ठेवा.

पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, विकत घेणार असाल तर थांबा. तो प्रतिबिंब पुसण्यासाठीच बनलेला आहे आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांतून बघितलं की जवळजवळ पूर्ण पुसतो. उलट फिरवून प्रतिबिंब थोडं गडद करता येतं खरं, पण तेवढ्यासाठी हजार-दोन हजार घालण्यापेक्षा खानापूरच्या गाडीचं तिकीट काढा.